स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग करताना धुरापासून बचाव कसा करावा

साध्या लोखंडाच्या वेल्डिंगचा धूर आणि स्टेनलेस स्टीलच्या वेल्डिंगचा धूर शेजारी शेजारी पाहिले, तर डोळ्यांना त्यांच्यात फारसा फरक दिसत नाही. उलट आर्गन वेल्डिंग (आर्गन वायूच्या आवरणात टंगस्टनच्या टोकाने केलेले) चालू असताना धूर जवळजवळ दिसतच नाही आणि म्हणून अनेक अनुभवी मिस्त्रीही स्टेनलेसचे काम 'स्वच्छ काम' समजतात. रेलिंग, हॉटेलची भांडी व टेबले, दूध डेअरीच्या टाक्या, औषध कारखान्यांची पाइपलाइन, नाशिक परिसरातील वायनरींच्या टाक्या अशी कामे करणाऱ्या चार-सहा माणसांच्या फॅब्रिकेशन शेड महाराष्ट्रात गावोगाव आहेत. हे मार्गदर्शन त्यांचे मालक आणि तिथे प्रत्यक्ष होल्डर हातात धरणारे कारागीर यांच्यासाठी आहे. मोठ्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी असतो; इथे ती जबाबदारी बहुधा मालकाच्याच खांद्यावर असते.

धुरात नेमके काय असते

पोलाद 'स्टेनलेस' होण्यासाठी त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असावे लागते. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ३०४ ग्रेडमध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. ३१६ मध्ये निकेल आणखी वाढते आणि दोन-तीन टक्के मॉलिब्डेनमही येते. आर्कच्या, म्हणजे जोडाशी पेटणाऱ्या विजेच्या ज्योतीच्या, उष्णतेत धातूची वाफ होते, ती हवेत आल्याबरोबर थंड होऊन तिचे अतिसूक्ष्म कण बनतात आणि त्यांनाच आपण धूर म्हणतो. हे कण बहुतांशी एक मायक्रॉनपेक्षा लहान असल्यामुळे नाकातील केस व घशातील चिकट स्राव त्यांना अडवू शकत नाहीत आणि ते थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत पोचतात.

स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यातील क्रोमियम निरुपद्रवी आहे. त्या भांड्यात आपण रोज जेवतो. धोका निर्माण होतो तो आर्कमध्ये त्याचे रूप पालटल्यामुळे. तिथे क्रोमियमचा काही भाग ऑक्सिजनशी संयोग पावून हेक्झाव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेच्या क्रोमियममध्ये बदलतो. या रूपातील क्रोमेट शरीरातील सल्फेटसारखे दिसत असल्याने पेशी त्याला आपल्याच वाटेने आत घेतात आणि आत गेल्यावर त्याचे क्षपण होताना पेशीच्या डीएनएला इजा होते. फुप्फुसांचा कर्करोग, नाकाच्या आतील पडद्याला जखमा होऊन पडणारे छिद्र, दमा, त्वचेवरील भरून न येणारे व्रण हे सर्व त्याच्याशी जोडलेले विकार आहेत. निकेलची संयुगेही कर्करोगकारक असून त्वचेची ॲलर्जी निर्माण करण्यात ती कुप्रसिद्ध आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अखत्यारीतील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये सर्वच प्रकारचा वेल्डिंगचा धूर पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेल्या घटकांच्या गटात टाकला. त्याआधी जवळपास तीन दशके तो 'शक्यता आहे' एवढ्याच गटात होता.

आणखी एका धातूकडे आपल्याकडे विशेष लक्ष द्यायला हवे, तो म्हणजे मँगनीज. ग्राहकाला स्वस्तात रेलिंग हवे असते आणि म्हणून २०२ सारख्या २०० मालिकेतील पाइपचा सर्रास वापर होतो. निकेल महाग असल्याने या ग्रेडमध्ये ते कमी करून मँगनीज साडेसात ते दहा टक्क्यांपर्यंत वाढवलेले असते, तर ३०४ मध्ये ते दोन टक्क्यांहून अधिक नसते. एरवी धुराचा बहुतांश भाग रॉड किंवा फिलरमधून (जोडात वितळवून भरल्या जाणाऱ्या तारेतून) येतो, मूळ धातूतून नव्हे. पण रेलिंगचे पातळ पाइप पुष्कळदा फिलर न घालता नुसते वितळवून जोडले जातात आणि अशा वेळी धुरात पाइपचाच धातू उतरतो. मँगनीज वर्षानुवर्षे श्वासातून जात राहिले, तर मेंदूवर परिणाम होऊन हालचाली मंदावणे, हात थरथरणे, चाल बिघडणे अशी पार्किन्सनच्या आजारासारखी लक्षणे दिसू लागतात. कोणत्या ग्रेडचा माल येतो आहे, हे कारागिराला माहीत असलेच पाहिजे. 'एसएस आहे' एवढे सांगणे पुरेसे नाही.

किती म्हणजे जास्त

अमेरिकेच्या कामगार सुरक्षा प्रशासनाने २००६ मध्ये हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची कायदेशीर मर्यादा आठ तासांच्या पाळीसाठी दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. त्याच देशाच्या व्यावसायिक आरोग्य संशोधन संस्थेची २०१३ ची शिफारस तर ०.२ मायक्रोग्रॅमची आहे. आपल्याकडे २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत क्रोमेटसाठी ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे ५० मायक्रोग्रॅम, आणि वेल्डिंगच्या एकूण धुरासाठी ५ मिलिग्रॅम अशी मर्यादा दिलेली होती.

या आकड्यांचा अर्थ एका हिशेबाने समजतो. मध्यम कष्टाचे काम करणारा माणूस एका पाळीत साधारण १० घनमीटर हवा श्वासात घेतो. म्हणजे अमेरिकेच्या मर्यादेनुसार त्याच्या दिवसभराच्या वाट्याला ५० मायक्रोग्रॅम येतात, आणि हे वजन साखरेच्या एका दाण्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी भरते. दुसरा हिशेब अधिक अस्वस्थ करणारा आहे. शेडमधील एकूण धूर बरोबर ५ मिलिग्रॅम, म्हणजे त्या मर्यादेच्या काठावर आहे असे समजा. रॉडच्या वेल्डिंगच्या त्या धुरात हेक्झाव्हॅलंट क्रोमियम अवघे दोन टक्के धरले तरी ते १०० मायक्रोग्रॅम होते. म्हणजे आपल्याच अनुसूचीतील क्रोमेटच्या मर्यादेच्या दुप्पट आणि अमेरिकेच्या मर्यादेच्या वीसपट. तेव्हा स्टेनलेसच्या कामात 'एकूण धूर' मोजून समाधान मानता येत नाही. क्रोमियम स्वतंत्र मोजून घ्यावे लागते, आणि मोजणी शक्य नसेल तर मर्यादा ओलांडली जाते आहे असे गृहीत धरूनच व्यवस्था करावी.

पहिला निर्णय: कोणत्या पद्धतीने जोडायचे

मास्क कोणता घ्यावा, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारावा. धूर किती व कसला निघणार, हे काम हाती घेतानाच ठरत असते.

हेक्झाव्हॅलंट क्रोमियमच्या दृष्टीने सर्वांत वाईट पद्धत रॉडची, म्हणजे साध्या आर्क वेल्डिंगची. ३०८एल किंवा ३१६एल रॉडच्या वेष्टणात आर्क स्थिर राहावा म्हणून पोटॅशियम, सोडियम यांची संयुगे घातलेली असतात आणि नेमकी तीच क्रोमियमला सहा संयुजेच्या रूपात टिकवून धरतात. फ्लक्स (वितळलेल्या धातूचे रक्षण करणारी भुकटी) भरलेल्या तारेचेही तसेच. मिग वेल्डिंगमध्ये (संरक्षक वायूत सतत पुढे सरकणाऱ्या तारेच्या) धूर बऱ्यापैकी निघतो, परंतु त्यातील क्रोमियमचा बराच मोठा हिस्सा कमी घातक अशा तीन संयुजेच्या रूपात असतो. आर्गन वेल्डिंगमध्ये मुळात धूरच फार थोडा असतो. म्हणून शेडमध्ये आर्गनचा संच उपलब्ध असताना 'थोडेसेच आहे, रॉडने मारून टाक' हा सल्ला सोडून द्यावा. साइटवर उघड्या वाऱ्यात आर्गन उडून जातो व रॉडशिवाय गत्यंतर नसते, हे खरे आहे. तेव्हा जोडणीचा जास्तीत जास्त भाग शेडमध्ये उरकून साइटवर मोजकेच टाके ठेवता येतील अशी आखणी करावी.

आर्गन वेल्डिंगला निर्दोष मात्र समजू नये. धूर कमी असल्याने आर्कचे अतिनील किरण अडत नाहीत, चकचकीत पृष्ठभागावरून ते परावर्तित होतात आणि आसपासच्या ऑक्सिजनचा ओझोन बनवतात. तिखट वास, घशात खवखव आणि छातीत जळजळ ही त्याची चिन्हे होत. आणखी एक छोटी गोष्ट: लाल टोकाच्या टंगस्टन इलेक्ट्रोडमध्ये दोन टक्के थोरियम हे किरणोत्सर्गी द्रव्य असते आणि टोक काढताना ग्राइंडरवर त्याचीच धूळ उडते. लँथॅनम किंवा सेरियम असलेले इलेक्ट्रोड बाजारात मिळत असताना लाल टोकाचा आग्रह धरण्याचे कारण उरत नाही.

पद्धत ठरल्यावर करंटचा प्रश्न येतो. गरजेपेक्षा जास्त करंट आणि लांबवलेला आर्क या दोन्हींमुळे धूर वाढतो. आर्क आखूड ठेवणे हे चांगल्या वेल्डिंगचे लक्षण आहेच, त्यात फुप्फुसांचेही हित आहे.

जोडण्याआधी पृष्ठभागाची तयारी

तेल, रंग, चिकटपट्टीचा गोंद, संरक्षक प्लास्टिक फिल्म हे सर्व जोडाच्या दोन्ही बाजूंनी काढून टाकावे. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप स्टेनलेसला जोडायचा असेल, तर मुलामा आधी घासून काढावा. नाही तर जस्ताच्या धुराने चार ते दहा तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग मोडून येते, तोंडाला धातूची चव येते आणि एक-दोन दिवसांत सर्व आपोआप ओसरते. हा ताप ओसरतो म्हणून त्याला हसण्यावारी नेले जाते.

तेल काढण्यासाठी काय वापरता, याकडे मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे. ट्रायक्लोरोइथिलीन किंवा तत्सम क्लोरीनयुक्त द्रावक, तसेच काही ब्रेक क्लीनर स्प्रे यांची वाफ आर्कच्या अतिनील किरणांत आली की तिचे विघटन होऊन फॉस्जीन हा वायू बनू शकतो. हा तोच वायू, जो पहिल्या महायुद्धात शस्त्र म्हणून वापरला गेला. त्याचा घात असा की सुरुवातीला किरकोळ खोकला येऊन माणूस बरा वाटतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुप्फुसांत पाणी भरू लागते. क्लोरीनयुक्त द्रावकाचा डबा वेल्डिंगच्या शेडमध्ये ठेवूच नये. शेजारच्या खोलीत उघडी टाकी असली, तरी वाफ आर्कपर्यंत येऊ शकते. ॲसिटोन चालतो, परंतु तो ज्वालाग्राही असल्याने पुसून पूर्ण वाळल्यावर व डबा दूर नेल्यावरच आर्क पेटवावा.

धूर नाकाशी येण्याआधी ओढून घेणे

तापलेला धूर सरळ वर जातो. कारागीर कामावर ओणवा झाला की त्याचे तोंड नेमके त्या वर जाणाऱ्या धाग्यात येते. म्हणून पहिला उपाय बिनपैशांचा आहे: काम टेबलावर घ्या, फिरवता येईल असे धरा आणि डोके धुराच्या रेषेच्या बाजूला ठेवा. जमिनीवर उकिडवे बसून जोडणी करण्याची आपली सवय पाठ आणि फुप्फुसे दोघांनाही महाग पडते.

पंख्याबाबत एक सार्वत्रिक गैरसमज आहे. पाठीमागे पेडेस्टल फॅन लावला की धूर पुढे ढकलला जाईल असे वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या आडोशामुळे छातीपुढे हवेचा भोवरा तयार होतो आणि धूर तोंडाजवळच घुटमळतो. हवा नेहमी बाजूने, डावीकडून उजवीकडे किंवा उलट, वाहती ठेवावी. तीही मंद असावी, कारण आर्गन व मिगच्या कामात जोराच्या वाऱ्याने संरक्षक वायू उडून जोडात छिद्रे पडतात.

शेडच्या भिंतीतील एक्झॉस्ट फॅन एकूण हवा बदलतो, पण त्याच्यापर्यंत पोचण्याआधी धूर कारागिराच्या नाकावरून आणि वाटेत काम करणाऱ्या हेल्परच्या नाकावरून गेलेला असतो. स्टेनलेससाठी जागेवरच धूर ओढणारी व्यवस्था लागते. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा कार्यालयाने फेब्रुवारी २०१९ पासून साध्या लोखंडाच्या बंदिस्त जागेतील वेल्डिंगलाही ती आवश्यक ठरवली आहे, त्यावरून स्टेनलेसची गोष्ट वेगळी सांगायला नको. तयार यंत्रे मिळतात. ती परवडत नसतील तर सहा इंची लवचीक डक्ट (हवेची नळी), पुरेशा ताकदीचा ब्लोअर आणि शेडबाहेर उंचावर सोडलेले तोंड, असा साधा संचही उपयोगी पडतो.

हा संच लावताना एकच नियम पक्का लक्षात ठेवावा. डक्टच्या तोंडापासून त्याच्या व्यासाइतके अंतर गेले की हवेच्या ओढीचा वेग जेमतेम एक दशांश उरतो. म्हणजे सहा इंची तोंड आर्कपासून सहा इंचांवर असेल तर ते काम करते. हात आडवा येतो म्हणून ते दोन फुटांवर सरकवले, तर ब्लोअरचा नुसता आवाज ऐकायला मिळतो. जोड पुढे सरकेल तसे तोंडही सरकवावे लागते, आणि नेमका हाच कंटाळा केला जातो. ओढ पुरेशी आहे की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही: वेल्डिंग सुरू करण्याआधी आर्कच्या जागी पेटती उदबत्ती धरा. तिचा धूर तत्काळ वाकून डक्टमध्ये शिरला पाहिजे; तो सरळ वर गेला तर तोंड जवळ आणा किंवा मधे कुठे डक्ट फाटली आहे ते शोधा. बाहेरचे तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा स्वतःच्याच शेडच्या दारावर उघडणार नाही, हेही पाहावे.

टाकीच्या आत

बंद टाकीत किंवा मोठ्या पाइपमध्ये स्टेनलेसचे काम करताना धुराहून जलद मारणारी गोष्ट आर्गन आहे. त्याला रंग नाही, वास नाही, तो हवेपेक्षा सुमारे १.४ पट जड असून तळाशी साचतो आणि ऑक्सिजनची जागा घेतो. गुदमरल्याची जाणीवही न होता माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो आणि त्याला काढायला घाईने आत उतरलेला दुसराही तिथेच पडतो. आत उतरण्याआधी ऑक्सिजन मीटर दोरीने तळापर्यंत सोडून मोजणी करावी, १९.५ टक्क्यांहून कमी असल्यास उतरू नये. ब्लोअरने ताजी हवा सतत आत सोडावी, सिलिंडर बाहेरच ठेवावा, चहाच्या सुटीत वेल्डिंगची टॉर्च आत सोडून जाऊ नये आणि काम संपेपर्यंत एक माणूस तोंडाशी फक्त लक्ष ठेवण्यासाठी उभा असावा. हवा कोंदली म्हणून कोणी गॅस कटरचा ऑक्सिजन आत सोडत असेल, तर त्याला तिथल्या तिथे थांबवावे. ऑक्सिजन वाढलेल्या जागेत ठिणगीने अंगावरचे कपडे भडकतात.

मास्क

वरील सर्व केल्यानंतर जो धूर उरतो, त्याच्यासाठी मास्क असतो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा शस्त्रक्रियेचा निळा मास्क या कणांना अडवत नाही. भारतीय मानक आयएस ९४७३ नुसार एफएफपी-२ मास्क किमान घ्यावा. रॉडचे काम असेल तर एफएफपी-३ किंवा हेल्मेटखाली बसणारा, पी-३ फिल्टरचा रबरी अर्धमास्क घ्यावा. ब्रिटिश मापाप्रमाणे एफएफपी-२ नीट बसला तर आतील धूर बाहेरच्या दहाव्या हिश्शावर येतो, एफएफपी-३ व पी-३ अर्धमास्कने विसाव्या हिश्शावर. 'नीट बसला तर' हे शब्द महत्त्वाचे आहेत. दाढीचे दोन दिवसांचे खुंटही कडेची पकड सोडवतात. दाढी ठेवायचीच असेल, तर बॅटरीवर चालणारा, हेल्मेटमध्ये गाळलेली हवा सोडणारा संच हाच पर्याय राहतो. धुळीचा फिल्टर ओझोन अडवत नाही आणि ऑक्सिजन कमी असलेल्या जागेत कोणताही गाळणारा मास्क निरुपयोगी असतो.

गूळ, दूध आणि तंबाखू

वेल्डिंगच्या शेडमध्ये संध्याकाळी गूळ-शेंगदाणे किंवा दूध-केळी देण्याची प्रथा जुनी आहे आणि ती देणाऱ्याची भावना चांगली असते. पण गूळ पोटात जातो आणि धूर फुप्फुसात. १९९४ मध्ये लखनौच्या औद्योगिक विषविज्ञान संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात गुळामुळे फुप्फुसांतील कोळशाचे कण अधिक प्रमाणात बाहेर सरकलेले आढळले होते. परंतु ते उंदीर होते आणि तो कोळसा होता. हेक्झाव्हॅलंट क्रोमियम विरघळून थेट पेशीत शिरते, त्याला खरवडून बाहेर काढील असे खाद्य नाही. गूळ जरूर द्यावा, मात्र डक्टच्या खर्चाऐवजी देऊ नये.

त्याहून जास्त लक्ष हातांकडे द्यावे. ग्राइंडिंग-बफिंगची धूळ लागलेल्या तळव्यावर तंबाखू मळली की धातू थेट तोंडात जातो. खाण्यापूर्वी, पाणी पिण्यापूर्वी आणि तंबाखू सुटत नसेल तर तिच्यापूर्वीही साबणाने हात धुतले पाहिजेत. कपड्यांवर एअर मारून धूळ उडवू नये, शेड कोरडी झाडू नये, पाणी मारून पुसावी. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः लहान मुलांच्या कपड्यांत, धुवायला टाकू नयेत.

डॉक्टरकडे जाताना

कामाला लागताना आणि त्यानंतर दरवर्षी छातीचा एक्स-रे व फुंकर मारून होणारी फुप्फुसक्षमतेची चाचणी करून तिचे कागद जपून ठेवावेत. एका चाचणीपेक्षा वर्षांमागून वर्षे होत गेलेली घट अधिक बोलते. डॉक्टरांना 'वेल्डर आहे' एवढेच न सांगता 'स्टेनलेसवर रॉडने काम करतो, इतकी वर्षे' असे नेमके सांगावे. रविवारी किंवा गावी गेल्यावर थांबणारा आणि कामावर परतताच सुरू होणारा खोकला व धाप हे व्यावसायिक दम्याचे ठळक लक्षण आहे. नाकातून वारंवार रक्त येणे, खपल्या धरणे, हातांवर न भरणारे खड्डे पडणे ही क्रोमियमची खूण असू शकते. क्रोमियममुळे होणारे व्रण कळवणे बंधनकारक असलेल्या रोगांत मोडतात. वेल्डरना न्यूमोनियाचा धोकाही इतरांपेक्षा जास्त असतो आणि ब्रिटनमध्ये धातूच्या धुरात काम करणाऱ्यांसाठी न्यूमोकोकल लसीचा विचार करण्याची शिफारस आहे. तिच्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. द्रावकाच्या वाफेत किंवा कोंदट जागेत वेल्डिंग केल्यावर छातीत आवळल्यासारखे वाटले, तर बरे वाटू लागले तरी माणसाला घरी एकटे न पाठवता दवाखान्यात निगराणीखाली ठेवावे.

दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेला राज्य कामगार विमा योजना लागू होते आणि तिच्यात क्रोमियम व मँगनीजमुळे होणारे आजार व्यावसायिक रोग म्हणून नोंदलेले आहेत. त्याहून लहान शेडमधील कामगाराला कर्मचारी भरपाईच्या कायद्याचा आधार घेता येतो. दोन्हीकडे तो किती वर्षे, कोणत्या धातूवर, कोणत्या पद्धतीने काम करत होता याचा पुरावा मागितला जातो, आणि लहान शेडमध्ये नेमका तोच कुठे लिहिलेला नसतो. हजेरीच्या वहीत 'रॉड', 'मिग', 'आर्गन' असा एक रकाना वाढवायला काहीच खर्च येत नाही.